रेडिओ-नियंत्रित शर्यती नौका

काठावर उभ्या असलेल्या चालकाने हातातील प्रेषकावरून रेडिओ लहरींद्वारे चालवलेली आणि केवळ वेगासाठी घडवलेली छोटी नौका. बोलण्यात तिला आरसी बोट म्हणतात. तिची लांबी बहुधा अर्धा ते दीड मीटर असते. जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवण्याच्या छंदाशी तिचे नाते असले, तरी प्रतिकृतीत डोळ्यांना दिसणारे साम्य महत्त्वाचे असते. येथे मात्र मागच्या बाजूला, पाण्यालगतच्या चार बोटे जागेतच सगळे कसब पणाला लागते.

रेडिओने नौका चालवण्याची कल्पना विमानापेक्षाही जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॅटरीवर चालणारी अशी नौका लोकांना दाखवली आणि त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला त्यांना तिचे पेटंट मिळाले. तरीही छोट्या नौकांच्या शर्यती पुढे बराच काळ दोरीच्या आधारानेच होत राहिल्या : तळ्याच्या मध्यावरील खांबाला तारेने बांधलेली नौका गोल गोल धावे आणि तिचा वेग मोजला जाई. हलके, भरवशाचे रेडिओ संच आल्यावर नौका त्या तारेतून सुटली.

पाणी हवेपेक्षा आठशेहून अधिक पटींनी घन असल्यामुळे पाणी कापत जाणारी नौका कितीही ताकद लावली तरी एका मर्यादेपलीकडे वेग घेत नाही. म्हणून शर्यती नौकेचा तळ वेग वाढताच पाण्यावर चढून घसरत जाईल असा आखतात. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची मोनो खवळलेल्या पाण्यातही दिशा धरून ठेवते. कॅटामरानमध्ये दोन हलांच्या (हल म्हणजे नौकेचे धड) मधल्या बोगद्यात कोंडलेली हवा तिला उचलून धरते. हायड्रोप्लेन आणि आउटरिगर या नौका पुढचे दोन तरंगते टेकू आणि मागचा प्रोपेलर एवढ्यांवरच धावतात. सपाट, शांत पाण्यात आउटरिगर सर्वांत चपळ असते, पण वाऱ्याने पुढचे टोक उचलले की ती उलटी होऊन मागे कोसळते.

हल बहुधा साच्यात काचतंतूचे कापड आणि इपॉक्सी यांचे थर देऊन बनवतात. आउटरिगर पातळ प्लायवुडचीही करतात. नवशिके रंगाच्या चकाकीवर दिवस घालवतात, पण वेग ठरतो तो तळाच्या सपाटीवर आणि कडांच्या धारेवर. तळाची मागची कड गोलसर राहिली, तर पाणी तिला चिकटून वर वळते आणि नौकेला मागे ओढते. कड टोकदार असेल, तर ते तेथेच तुटते. स्टीलची पट्टी तळावर उभी धरून पलीकडून उजेड पाहिला, की दोष लगेच कळतो. मागच्या भागात पट्टीच्या मध्याखाली उजेडाची फट दिसली, तर तळ आत गेलेला असतो आणि नौका नाक खाली घालते. पट्टी मध्यावर टेकून टोकांना उजेड दिसला, तर तळ फुगलेला असतो आणि नौका उड्या मारू लागते. भरून-घासून तो सरळ करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण तेच टाळणाऱ्याला पुढे कोणतीही मोटर वाचवू शकत नाही. मोनोचा गुरुत्वमध्य मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर ठेवतात, आणि बॅटरी पुढेमागे सरकवून तो जुळवतात.

प्रोपेलर अर्धा पाण्यात व अर्धा हवेत फिरतो, त्यामुळे त्याचा आस आणि आसाचा आधार यांना पाण्यात बुडून अडथळा करण्याची संधीच मिळत नाही. हा प्रोपेलर नौका पुढे ढकलतो, तसाच तिचा मागचा भाग उचलूनही धरतो. पाती धार लावून व दोन्ही बाजू समतोल करून वापरतात. बेरिलियम-तांब्याची पाती घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ती ओली ठेवूनच घासावीत आणि तोंडाला योग्य मुखवटा लावावा.

मोटरपासून प्रोपेलरपर्यंतची ताकद पितळी नळीतून जाणाऱ्या, तारांच्या वेढ्यांनी बनलेल्या लवचिक शाफ्टने पोहोचते. भार आला की वेढे आवळतात आणि शाफ्ट किंचित आखूड होतो. म्हणून आधाराचे मागचे टोक आणि प्रोपेलरला पकडणारा डॉग यांच्यामध्ये काही मिलिमीटर जागा मुद्दाम मोकळी सोडतात. ती विसरली, तर पहिल्याच जोरकस धावेत डॉग बेअरिंगवर घासतो आणि ते जळते.

इंजिनाच्या नौका मेथॅनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांच्या मिश्रणावर किंवा पेट्रोलवर धावतात. विजेच्या नौकांत ब्रशलेस मोटर, लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि वेगनियंत्रक असतात. सुकाणूजवळच्या छिद्रातून चढणारे पाणी मोटर आणि वेगनियंत्रक यांना थंड ठेवते. मोटरच्या केव्ही या अंकावरून दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे होतील ते कळते. २,००० केव्हीची मोटर आणि १४.८ व्होल्टची बॅटरी घेतली, तर भाराविना २९,६०० फेरे होतात; ४० मिमी व्यासाचा प्रोपेलर एका फेऱ्यात ५६ मिमी पुढे जाणारा असेल, तर हिशेबाने ताशी सुमारे ९९ किमी वेग निघतो. प्रत्यक्षात भाराने फेरे घटतात, पाणी निसटते आणि आकडा बराच खाली येतो. तरीही हा हिशेब आधी मांडावा, कारण फार मोठा प्रोपेलर लावल्याने वेगनियंत्रक पेटल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आताचे रेडिओ संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरी पाणी शोषून घेते, म्हणून नौकेतील ग्राहकाचा, म्हणजे संकेत घेणाऱ्या संचाचा, अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, शक्य तितका उंच ठेवतात. संकेत तुटताच मोटर थांबेल अशी फेलसेफ व्यवस्था करणे आणि ती काठावरच, प्रेषक बंद करून तपासणे, हे दोन्ही अत्यावश्यक आहे. नौका उलटली तरी बुडू नये म्हणून हलमध्ये फोम भरतात आणि झाकणाची शीव चिकटपट्टीने बंद करतात.

पहिल्या धावा अर्ध्या वेगाने करून एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधाराचा कोन अर्ध्या अंशाने बदलला, तरी नौका नाक वर काढते किंवा पाण्याला चिकटते. वळणावर ती घसरू नये म्हणून आतल्या बाजूला धारदार वळण-पाते बसवतात. अमेरिकेतील लंबवर्तुळाकार मार्गावर घड्याळाच्या दिशेने धावतात, तेव्हा ते उजवीकडे असते. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या नाविगा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एफएसआर-व्ही प्रकारात इंजिनाच्या घनफळानुसार गट असतात आणि इंधन भरून घेत दीर्घकाळ धावावे लागते. तेथे वेगाइतकाच टिकाऊपणा कसाला लागतो. बंद पडलेली नौका आणायला पोहत जाणे धोक्याचे असते. त्यासाठी वल्ह्यांची होडी तयार ठेवतात.

धाव संपल्यावर झाकण उघडून हल कोरडा करावा, शाफ्ट बाहेर ओढून पुसावा व नवे ग्रीस लावून परत घालावा, कारण आत राहिलेले पाणी तारांना लवकर गंज आणते. बॅटरी हलमधून बाहेर काढूनच चार्ज करावी, आणि बरेच दिवस वापरायची नसेल, तर प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा.