बदकांचं तळं: खोदायच्या आधी घाण पाणी कुठे सोडणार ते ठरवा

आम्ही बदकांसाठी तळी बांधून देतो. परसात किंवा फार्महाऊसवर बदकं पाळायची म्हटलं की फोनवर पहिला प्रश्न येतो, किती खोल खणायचं? आम्ही उलटं विचारतो, घाण झालेलं पाणी सोडणार कुठे? याचं उत्तर नसेल तर आम्ही काम हातात घेत नाही, कारण नंतर त्रास बदकांना होतो आणि बादल्या उपसायला घरातलंच कोणीतरी लागतं.

बदक पाण्यातच घाण करतं, शिवाय काठावरची माती चोचीने उकरून ती चोच पाण्यात धुतं, खाद्यसुद्धा पाण्यात बुडवून खातं. खाकी कॅम्पबेल जातीची चार बदकं आणि ६ बाय ५ फुटांचं, दीड फूट खोल तळं धरा, म्हणजे साधारण साडेबाराशे लिटर पाणी. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत ते गढूळ होतं आणि आठवडाभर तसंच ठेवलं तर शेजारी बोलायला येतात. बाजारात माशांच्या तळ्याचे रेडीमेड फिल्टर मिळतात, त्यांच्यावर बदकांसाठी पैसे घालवू नका, आतला स्पंज लगेच चोंदतो.

म्हणून तळाला सगळा ढाळ एका कोपऱ्याकडे द्यायचा, फुटामागे अर्धा इंच तरी, आणि तिथे ३ इंची पाइप, बाहेर बॉल वॉल्व्ह. वॉल्व्ह उघडला की गाळासकट पाणी गेलं पाहिजे. बारीक पाइप टाकलात तर पिसं आणि चिखल अडकणारच. प्लॉट सपाट असेल, खाली उतार मिळत नसेल, तर खड्डा खणूच नका, जमिनीच्या वर दीड फुटाची भिंत बांधून हौदासारखं तळं करा आणि बदकांना चढायला रॅम्प द्या, दिसायला थोडं कमी वाटेल पण दहा वर्षं सुखात जातील. सोडलेलं पाणी केळी, नारळ, कर्दळ यांना द्या, फार छान येतात. कोथिंबीर, पालक, मुळा असलं कच्चं खायचं काही असेल तर तिथे अजिबात नको, बदकांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आणि मुलांनी तळ्यात हात घातला तर साबणाने धुवायला लावा. काळ्या जमिनीत शोषखड्ड्याच्या भरवशावर राहू नका, पावसाळ्यात तो पाणी घेतच नाही.

जमिनीचं म्हणाल तर कोकणात जांभ्यात नुसता खड्डा पाणी धरत नाही, आणि देशावर काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर थेट कोबा केला तर दुसऱ्या वर्षी तडा दिसतोच. आम्ही काळी माती काढून मुरूम भरतो, चोपतो आणि मगच जाळी टाकून काँक्रीट. बजेट कमी असेल तर शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागदही चालतो, फक्त काठावरचा भाग उन्हात उघडा ठेवू नका आणि कुत्रा आत उतरणार नाही हे बघा. सिमेंटचं तळं झालं की लगेच बदकं सोडायची घाई करू नका, नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. क्युरिंग झाल्यावर पाणी भरायचं, चार-पाच दिवसांनी सोडायचं, असं तीनदा तरी, मग पीएचची पट्टी लावून बघा, ८.५ च्या वर असेल तर अजून एकदा.

खोली दीड फूट पुरते, राजहंस ठेवणार असाल तर दोन. रॅम्पला खरबरीत सिमेंट नको, तळवे सोलवटतात, त्यात जंतू शिरले की पाय सुजतो आणि बदक लंगडायला लागतं. गोठ्यात गाईखाली टाकतात ती रबरी मॅट कापून रॅम्पवर लावा, याहून चांगला उपाय आम्हाला तरी सापडलेला नाही. तळ्याभोवती दोन-तीन फूट गोल गोटे पसरा, नाहीतर एका पावसाळ्यात तिथे चिखलाची खाचरं होतील.

पिल्लं लगेच पाण्यात सोडू नका. इनक्युबेटरमधल्या पिल्लांना आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं, ती भिजून गारठतात आणि बाहेर चढता नाही आलं तर बुडतातसुद्धा, बदकाचं पिल्लू असलं तरी. नीट पिसं येईपर्यंत उथळ ताट, तेही तुमच्या समोर. मोठ्या बदकांना तळं नसलं तरी एक वेळ चालेल पण पिण्याचं भांडं एवढं खोल पाहिजेच की चोच नाकपुड्यांसकट बुडेल, त्यानेच नाक-डोळे साफ राहतात. आणि पाव घालू नका. पिल्लांना नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, नुसत्या चिक स्टार्टरवर वाढवली तर पाय वाकडे होऊ शकतात, डॉक्टरांना विचारून पूरक द्या.

आता रोजचं. सकाळी वॉल्व्ह थोडाच वेळ उघडा, तळाचा गाळ जातो, तेवढं ताजं पाणी वरून भरा, आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामं करून ब्रश मारा. पाणी टँकरचं असेल तर आम्ही बाजूला खडीचा बायोफिल्टर करून देतो, वर कर्दळ लावतो. यात अमोनियाचं नायट्रेट करणारे जीवाणू वाढतात, त्यांना बसायला महिना-दीड महिना जातो, तोवर पाणी जास्त वेळा बदलावं लागेल. ती खडी कधी धुवायचीच झाली तर तळ्याच्याच पाण्याने धुवा, नळाच्या क्लोरीनने जीवाणू मरतात. कूलरचा पंप इथे टिकत नाही, गढूळ पाण्याचा पंप घ्या आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय स्विच दाबू नका. शेवाळ आलं म्हणून विहिरीसारखं मोरचूद किंवा टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बदकं आत असताना टाकू नका, विषारी आहे.

मे महिन्यात वर हिरवी नेट लावा. उथळ, गरम, सडलेल्या पाण्यात बॉट्युलिझमचे जंतू वाढतात, बदकाचे पाय जातात आणि मान गळून पडते. असं दिसलं तर बाकीच्यांना ताबडतोब त्या पाण्यातून काढा, मेलेलं काही पडलं असेल तर ते हात न लावता उचला आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, उद्यावर ढकलू नका.

रात्री बदकं तळ्यावर सोडायची नाहीत, मुंगूस, मांजर, कुत्री सगळे टपलेले असतात. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा, कोंबडीची पातळ जाळी कुत्रा ओढून फाडतो. जाळीचं काम संपलं की आमचा माणूस सगळीकडे लोहचुंबक फिरवून तारेचे तुकडे वेचतो, कारण बदकं चमकणारं काहीही गिळतात आणि गॅल्व्हनाइज्ड तारेतला जस्त पोटात गेला तर बदक दगावू शकतं. तुमच्या वेल्डरकडून काम करून घेतलंत तरी हे कराच.

हळदी-कुंकू बदक किंवा अडई कोणी आणून दिली तरी ठेवू नका, रानटी पक्षी पाळायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे बंदी आहे. आणि तळ्याचा ओढ्याशी किंवा गावतळ्याशी संबंध ठेवू नका, हिवाळ्यात बाहेरचे पक्षी येतात, त्यांच्याकडून बर्ड फ्लू येऊ शकतो. २००६ साली बर्ड फ्लू नवापूरला आला होता, तेव्हा आपल्याकडच्या कोंबडीवाल्यांचं काय झालं ते अजून लोकांच्या लक्षात आहे. एकदम दोन-चार पक्षी मेले तर हात लावू नका, १९६२ वर फोन करून पशुसंवर्धन विभागाला कळवा.

आम्हाला साइट दाखवायची असेल तर आधी व्हॉट्सॲपवर चार गोष्टी पाठवा: जागेचा फोटो, माती काळी की मुरमाड, पाणी नळाचं की बोअरचं, आणि त्या जागेपासून सगळ्यात खालचा कोपरा कुठे आहे त्याचा एक वेगळा फोटो, म्हणजे पाइप कुठून काढायचा ते आम्ही निघायच्या आधीच बघून ठेवतो.