राउटर रीस्टार्ट करायचा की रीसेट?

राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं आणि वायफाय रुसलं की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "रीसेट कर." सांगणाऱ्याला म्हणायचं असतं, बंद करून चालू कर. ऐकणारा टाचणी शोधतो, मागचं बारीक भोक दाबून धरतो आणि होतं नव्हतं तेही इंटरनेट जातं.

रीस्टार्टमध्ये राउटरची फक्त तात्पुरती मेमरी पुसली जाते. वायफायचं नाव, पासवर्ड, इतर सेटिंग्ज जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे अपडेटनंतर पहिला उपाय हाच. पण स्विच बंद करून लगेच चालू करू नका, दोन-चार मिनिटं थांबा. पीपीपीओई कनेक्शन (युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणारं) असेल तर कंपनीच्या सर्व्हरवर तुमचं जुनं लॉगिन कधीकधी लटकलेलं असतं, ते सुटायला वेळ लागतो. चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायचं नाव लगेच दिसलं नाही तरी घाबरू नका. त्याचा चॅनल (लहरींचा ठरावीक पट्टा) रडारही वापरतात त्या ५२ ते १४४ यांमधला असेल, तर रडारचा सिग्नल आहे का हे राउटर आधी निदान मिनिटभर ऐकतो आणि मगच नेटवर्क सुरू करतो.

रीसेटमध्ये मात्र सगळ्या सेटिंग्ज जातात. राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. जात नाही ते नेमकं फर्मवेअर! रीसेट केला की जुनं व्हर्जन परत येईल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही, नवं फर्मवेअर तसंच राहतं. जुनं हवं असेल तर कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलची फाइल उतरवून स्वतः चढवावी लागते, आणि काही कंपन्या तेही करू देत नाहीत.

मग रीसेट कधी? जुन्या व्हर्जनच्या सेटिंग्ज नव्याशी जुळत नसतील तेव्हा. नेट सारखं तुटतं, सेटिंग्जचं पान अर्धवट उघडतं, बदल सेव्ह होत नाहीत, आणि रीस्टार्टनेही फरक पडत नाही. अशा वेळी रीसेट खरोखर कामी येतो. फक्त त्याआधी पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी (कंपनीने दिलेला नेटवर्कचा क्रमांक) असेल तर तो, कागदावर लिहून घ्या. स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर त्याने कनेक्शनला मॅक अॅड्रेस (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधलेला आहे का, हेही विचारून ठेवा. राउटरमध्ये आधीच्या उपकरणाचा मॅक क्लोन (नक्कल) केलेला असेल, तर रीसेटनंतर तो उडतो आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. नंतर सेटिंग्ज हातानेच भरा. जुनी बॅकअप फाइल चढवलीत तर तोच बिघाड पुन्हा येऊ शकतो.

कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्याला मात्र त्यांना विचारल्याशिवाय रीसेट करू नका, त्यातली नोंदणी पुसली गेली तर त्यांचा माणूस येईपर्यंत घर बिननेटचं. त्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर दोष बहुतेक केबलचा किंवा लाइनचा असतो, राउटरचा नाही.

आणि बाकी सगळं चालतंय, फक्त जुना प्रिंटर किंवा फोनच जोडला जात नाही, असं असेल तर दोन्ही उपाय बाजूला ठेवा. अपडेटनंतर वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर गेली आहे का पाहा. ती जुन्या डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींच्या मिश्र पर्यायावर आणली की बरेचदा तेवढ्यानेच प्रिंटर जोडला जातो.