सकाळची गोळी, रात्रीचा पेग

"चिंतेची गोळी सकाळीच घेतली आहे, रात्री तांबडा-पांढरा ओरपून दोन पेग घेतले तर बिघडत नाही," हे कोल्हापुरात जेवणावळीत सहज बोलले जाणारे वाक्य चुकीचे आहे. भरल्या पोटी दारू रक्तात थोडी सावकाश उतरते, इतकेच. आधीच रक्तात असलेल्या औषधावर रश्श्याची मात्रा चालत नाही. अल्प्राझोलाम या चिंतेवरील गोळीचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ११ तास लागतात, तर डायझेपाम या तशाच गोळीला २० ते ५० तास. मेंदूचा वेग आवरणाऱ्या गाबा या रसायनाचा प्रभाव गोळीही वाढवते आणि दारूही, त्यामुळे दोन्ही एकत्र आल्यास श्वास मंदावू शकतो आणि पाहणाऱ्यांना मात्र माणूस नुसता घोरत पडल्यासारखा वाटतो. खोकल्याच्या औषधातील कोडीन किंवा कंबरदुखीवरील ट्रॅमाडॉल (ही तर कुणी नशा समजतच नाही) यांच्याशी या गोळ्यांच्या होणाऱ्या संयोगाबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये सर्वांत कडक इशारा छापणे सक्तीचे केले. पार्टीपुरती गोळी चुकवणे हाही उपाय नव्हे, कारण रोज घेणाऱ्याने ती एकाएकी थांबवल्यास फिटचे झटके येऊ शकतात. हलवूनही माणूस जागा होत नसेल, तर लिंबूपाणी न पाजता त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.