जाळी बसवलेल्या भगिनींसाठी: आमच्याकडे येण्याआधी हॉस्पिटलची फाईल मागा

अंग बाहेर येतं म्हणून, किंवा खोकताना-शिंकताना लघवी गळते म्हणून ऑपरेशन करून आत आधाराची कृत्रिम जाळी बसवली. आता आत टोचतं, रक्त जातं, लघवीला सारखा जंतुसंसर्ग होतो, संबंधाच्या वेळी असह्य दुखतं. भरपाई मिळेल का? हा प्रश्न घेऊन पुण्यात शिवाजीनगरला, तक्रारीसाठी कागदपत्रं लावून देणाऱ्या आमच्या कार्यालयात येणाऱ्या बहुतेक जणींच्या हातात फक्त डिस्चार्ज कार्ड असतं. त्यावर 'जाळी बसवली' एवढी एकच ओळ. तेवढ्यावर ना वकील पुढे जाऊ शकतात, ना आम्ही.

जाळीच्या पाकिटावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि लॉट नंबर (ती कोणत्या खेपेत तयार झाली त्याचा क्रमांक) असलेला स्टिकर असतो. तो सोलून हॉस्पिटलच्या फाईलमध्ये चिकटवायची पद्धत आहे. गेल्या पावसाळ्यात हडपसरच्या एक काकू सुनेबरोबर आल्या. पिशवीभर बिलं होती, स्टिकर नव्हता. फाईलची प्रत मागवली, तर स्टिकर भुलीच्या कागदामागे सापडला, आणि लॉट नंबरचे शेवटचे दोन आकडे पंचिंगच्या भोकात गेलेले! जाळीच्या (इम्प्लांटच्या) बिलावरून ते आकडे जुळवले. काकूंनी दोन वर्षं जपलेलं ते चुरगळलेलं बिल तेव्हा कामी आलं.

या नंबरासाठी आम्ही एवढा हट्ट धरतो, कारण डॉक्टरांचा निष्काळजीपणा आणि वस्तूतला दोष या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूसाठी थेट उत्पादकाला जबाबदार धरता येतं, पण आधी उत्पादक कोण ते दाखवावं लागतं. दुसरं म्हणजे, अमेरिकेत बंदी आल्याची बातमी बऱ्याच जणी दाखवतात. तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एप्रिल २०१९ मध्ये विक्री थांबवली ती अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गे बसवायच्या जाळीची. लघवी गळू नये म्हणून बसवलेली जाळीची पट्टी किंवा पोटातून बसवलेली जाळी त्या आदेशात नाही. तुमची कोणती, हे ऑपरेशनच्या नोंदीतच कळतं. तिकडच्या भरपाईच्या मोठ्या रकमाही इथे आपोआप मिळत नाहीत. तक्रार आपली आपणच करायची असते.

फाईलसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी मागितली की "साहेब नाहीत, सोमवारी या" हेच ऐकावं लागतं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यायचे असतात. मात्र दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपणं बंधनकारक आहे. डॉक्टर रागावतील या भीतीने थांबू नका. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायचंय, असं लिहा. ते घ्यायचंच आहे. संमतीपत्राची प्रतही मागा. काही त्रास हे या शस्त्रक्रियेचे माहीत असलेले धोके आहेत, त्यामुळे ते तुम्हाला आधी सांगितले होते का, याला फार महत्त्व येतं. जाळी काढायची ठरली, तर काढलेला तुकडा आणि त्याचा तपासणी अहवाल जपण्याची विनंती आधीच लेखी द्या.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षं. डॉक्टरांच्या निष्काळजीपणाचा परिणाम लगेच दिसण्यासारखा नसेल, तर तो कळला तेव्हापासून किंवा नेटाने चौकशी केली असती तर कळला असता तेव्हापासून मुदत मोजायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं. म्हणून पहिल्यांदा कधी दुखलं, कोणाला दाखवलं, ही तारीख लाखमोलाची. संकोचाने बायका हे दुखणं घरातही बोलत नाहीत आणि नेमकी तीच तारीख हरवते. आमच्याकडे हे ऐकून घ्यायला दोन अनुभवी ताई आहेत. पुरुषांसमोर बोलावं लागत नाही.

आम्ही वकील नाही. "केस जिंकू का?" याचं उत्तर आम्ही देत नाही, आणि ते योग्यच आहे असं आम्हाला वाटतं. आम्ही फाईल लावतो, तारीखवार तक्ता करतो, मराठी-इंग्रजी भाषांतर देतो. असा तक्ता हाती असला की वकिलांची पहिली भेट कागद शोधण्यात जात नाही. मोबाईलवरच्या फोटोंवरून काम घेत नाही, कारण कडेचे आकडे कापले जातात. मूळ कागद तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत देतो.

पहिली पाहणी मोफत. पुढचा दर पानामागे असतो आणि तो आधी सांगतो. उपचाराला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. येताना फाईल, सगळी बिलं आणि जुनी सोनोग्राफी आणा. फाईल मिळाली नसेल, तर अर्जाची पोच आणा. अर्जाचा मराठी नमुना आमच्याकडे विनामूल्य मिळेल.