अहवाल प्रणालीचे क्लाउड स्थलांतर

विक्री, साठा, येणी, उत्पादन, पगार यांचे रोजचे आणि महिनाअखेरचे आकडे काढून देणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या आवारातल्या सर्व्हरवरून हलवून भाड्याच्या क्लाउड सेवेवर नेण्याचे काम. आयटी विभागात याला ‘रिपोर्टिंग क्लाउडवर टाकणे’ किंवा नुसते ‘मायग्रेशन’ म्हणतात. जी प्रणाली सोडायची ती ‘ऑन-प्रेम’. व्यवहार नोंदवणारे मूळ सॉफ्टवेअर, मग ते ईआरपी असो की टॅली, याच वेळी हलते असे नाही. पुष्कळदा ते जागेवरच राहते आणि अहवाल तेवढे आधी जातात. सर्व्हर बदलणे हा या कामाचा सोपा भाग. मालक, लेखापाल आणि बँक कालपर्यंत ज्या आकड्यावर विसंबून होते तोच आकडा उद्याही तसाच निघाला पाहिजे, ही या स्थलांतराची खरी कसोटी आहे.

ठाणे आणि नवी मुंबई

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. खाडीपलीकडे दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे असा नेरुळपर्यंत पसरलेला टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्टा आहे. रसायने, औषधे, इंजिनिअरिंगचे सुटे भाग बनवणारे कारखाने, वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतले घाऊक व्यापारी, १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदराच्या आधाराने वाढलेले क्लिअरिंग एजंट आणि गोदामवाले, या सगळ्यांकडे आकड्यांची गरज मोठी आणि आयटीची माणसे मोजकी असतात. अनेक ठिकाणी अख्खी अहवाल प्रणाली हिशेब विभागाशेजारच्या एका वातानुकूलित खोलीत, एकाच सर्व्हरवर चालते, आणि ती सांभाळणारा माणूसही एकच असतो.

क्लाउडची यंत्रेही याच परिसरात दाटीने आली आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या समुद्राखालच्या केबल, औद्योगिक भूखंड आणि विजेची सोय यांमुळे ऐरोली, रबाळे, महापे भागात डेटा सेंटर उभी राहिली. पनवेलला योट्टा कंपनीचे ‘एनएम १’ हे केंद्र २०२० मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, चेन्नई आणि मुंबई, अॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबई आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबई हे क्लाउड विभाग, म्हणजे डेटा सेंटरांचे गट, उघडले. त्याआधी बऱ्याच भारतीय कंपन्यांना सिंगापूरचा सर्व्हर घ्यावा लागे. आता रबाळ्याच्या कारखान्याचा अहवाल राज्याबाहेरही न जाता क्लाउडवर राहू शकतो.

स्थलांतराची कारणे

जुन्या कंपन्यांत क्रिस्टल रिपोर्ट्स, बिझनेस ऑब्जेक्ट्स, कॉग्नॉस किंवा मायक्रोसॉफ्टची २००४ मध्ये आलेली एसएसआरएस (एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस) ही अहवाल बनवण्याची साधने आढळतात. २००७-०८ मध्ये ही बाजारपेठ मोठ्या कंपन्यांनी वाटून घेतली: बिझनेस ऑब्जेक्ट्स एसएपीकडे, कॉग्नॉस आयबीएमकडे आणि हायपेरियन ओरॅकलकडे गेले. पुढे या कंपन्यांचे लक्ष क्लाउडकडे वळले. मायक्रोसॉफ्टचे क्लाउडवरचे अहवाल-साधन पॉवर बीआय जुलै २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले; एसक्यूएल सर्व्हर या आपल्या डेटाबेसच्या २०२५ च्या आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टने एसएसआरएसची नवी आवृत्ती काढणे थांबवले. एसक्यूएल सर्व्हर २०१४ ची विस्तारित सपोर्ट मुदत ९ जुलै २०२४ रोजी संपली. सुरक्षा दुरुस्त्या येणे बंद झालेल्या डेटाबेसवर कंपनीचे सगळे आकडे ठेवणे धोक्याचे असल्यामुळे अनेकांना हलावेच लागते.

दुसरे कारण इथल्या हवापाण्याचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तळमजल्यावर सर्व्हर ठेवण्याची किंमत या परिसराला कळली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा–पडघा पारेषण वाहिन्यांतील बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. यूपीएसच्या बॅटऱ्या अशा वेळी सर्व्हर नीट बंद करण्यापुरता अवधी देतात, दिवसभराचे काम चालवत नाहीत. क्लाउडने ही चिंता कमी होते, पण पूर्ण जात नाही: अहवाल बघायला इंटरनेट लागतेच. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या, वेगळ्या मार्गाने येणाऱ्या लाइन घेणे हा स्थलांतराचाच खर्च समजावा.

प्रत्यक्ष काम

पहिले काम यादीचे. सर्व्हरवर शेकड्याने अहवाल साठलेले असतात आणि त्यांतले थोडेच वापरात असतात. कोणता अहवाल कोणी कधी उघडला हे एसएसआरएसच्या नोंदवहीतून कळते, त्यामुळे न उघडलेले अहवाल वगळून टाकण्याचा मोह होतो. इथे एक खाच आहे. ही नोंदवही मूळ सेटिंगनुसार फक्त ६० दिवसांच्या नोंदी ठेवते. ऑगस्टमध्ये यादी केली तर ३१ मार्चच्या साठा मूल्यांकनाचा अहवाल, दिवाळीच्या बोनसचा तक्ता, वार्षिक जीएसटी विवरणाची जुळवणी, यांतले काहीच त्या नोंदींत दिसणार नाही. आणि वर्षातून एकदाच निघणारे हे कागद न निघाल्यास सर्वांत महाग पडतात. नोंदवहीची मुदत वाढवून वर्षभर आधी तयारी करणे उत्तम. तेवढा वेळ नसेल तर हिशेब, पगार आणि भांडार विभागांकडून बारा महिन्यांचे कॅलेंडर लिहून घ्यावे.

मग अहवालाच्या पोटात काय आहे ते पाहावे लागते. ठाण्याच्या कारखान्याने सिल्वासाच्या स्वतःच्याच युनिटला माल पाठवला तर दोन्हींचे जीएसटी क्रमांक वेगळे असल्याने करासाठी बीजक निघते आणि विक्री रजिस्टरमध्ये ते दिसते. संचालकांच्या विक्री अहवालात मात्र ही रक्कम नको असते, म्हणून जुन्या क्वेरीत (डेटाबेसमधून आकडे काढणाऱ्या आज्ञेत) कोणीतरी तो ग्राहक क्रमांक वगळणारी एक ओळ घातलेली असते. ती ओळ कुठल्याही दस्तऐवजात नसते. नव्या प्रणालीत अहवाल कोऱ्या पाटीवर बांधला की विक्री फुगते, आणि फुगलेला आकडा पाहून कोणी चटकन तक्रारही करत नाही. अशा ओळी एकेक करून काढून, त्यांचे कारण संबंधित खात्याकडून लेखी घेऊन, नव्या मॉडेलमध्ये नाव देऊन बसवणे हे या प्रकल्पातले सर्वांत वेळखाऊ काम आहे. एमआयएस (व्यवस्थापनासाठीचे अहवाल) पाहणाऱ्या जुन्या कर्मचाऱ्याला पहिल्या दिवसापासून सोबत घेतले नाही तर ते होतच नाही.

वेळेचा प्रश्न त्याहून फसवा आहे. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि ती भारतीय वेळेच्या ५ तास ३० मिनिटे मागे आहे. सकाळी ६ चा म्हणून लावलेला अहवाल ११.३० ला येतो, ही चूक पहिल्याच दिवशी ध्यानात येते. तारखेची चूक दडून बसते. वाशीच्या भाजीपाला मार्केटमध्ये मध्यरात्रीनंतर गाड्या लागतात. १५ तारखेच्या पहाटे ३ वाजता झालेली आवक सर्व्हरच्या घड्याळात १४ तारखेच्या रात्री ९.३० ची ठरते. पहाटे ५.३० पूर्वीचा सगळा धंदा आदल्या दिवसाच्या खात्यात जातो, महिन्याची बेरीज जवळपास जुळते आणि रोजचा एकही आकडा जुळत नाही. रात्रपाळी चालवणाऱ्या कारखान्यात १ एप्रिलच्या पहाटेची नोंद अशा रीतीने ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते. मायक्रोसॉफ्टच्या अझुर एसक्यूएल डेटाबेस या क्लाउड सेवेत सर्व्हरची वेळ बदलता येत नाही; क्वेरीतच तिचे भारतीय वेळेत रूपांतर करावे लागते, आणि जिथे जिथे ‘आजची तारीख’ घेतली आहे अशी प्रत्येक जागा शोधावी लागते.

डेटाबेस बदलला तर अक्षरांचाही घोळ होतो. एसक्यूएल सर्व्हरच्या नेहमीच्या मांडणीत इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘ठाणे’, लहान अक्षरांतले ‘ठाणे’ आणि शेवटी चुकून एक स्पेस पडलेले ‘ठाणे’ ही एकच शाखा मानली जाते. पोस्टग्रेस किंवा गुगलच्या बिगक्वेरी या डेटाबेसांत त्या तीन शाखा होतात. मराठी मजकुराची अडचण वेगळी. नव्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवलेला नसेल तर पीडीएफमध्ये कामगारांच्या नावांऐवजी चौकोन छापले जातात. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेली नावे तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात, आणि बदललेली यादी मराठी वाचणाऱ्या माणसाने नावागणिक तपासावी लागते. पगारपत्रकावर आपले नाव धड छापलेले असावे ही कामगाराची रास्त अपेक्षा आहे. प्रकल्पाच्या आराखड्यात तिला जागा हवी.

मूळ डेटा कारखान्यातच राहणार असेल तर तो क्लाउडपर्यंत पोहोचवायला ‘गेटवे’ लागतो. हा आवारातल्या एका संगणकावर चालणारा प्रोग्राम. पॉवर बीआयचा गेटवे आतून बाहेर जोडणी करतो, म्हणून फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारे दार उघडावे लागत नाही. चाचणीच्या दिवसांत तो कोणाच्या तरी लॅपटॉपवर बसवला जातो आणि तिथेच राहून जातो. मग संध्याकाळी लॅपटॉप घरी गेला की रात्रीचे रिफ्रेश (नवा डेटा ओढून घेणे) बंद पडते आणि सकाळच्या बैठकीत कालचेच आकडे दाखवणारा डॅशबोर्ड उघडतो. गेटवे कायम चालू राहणाऱ्या, यूपीएसवर असलेल्या स्वतंत्र यंत्रावरच हवा, आणि शक्य असेल तर दोन यंत्रांवर.

वापरणाऱ्यांची पहिली मागणी ‘एक्सेलमध्ये मिळेल ना?’ हीच असते. पॉवर बीआयमधून एक्सेल फाइलमध्ये एका वेळी १,५०,००० ओळींपर्यंतच तपशील उतरवता येतो. वर्षभराचे बीजकवार रजिस्टर काढणाऱ्यांसाठी जुन्या धर्तीचे पानांवर मांडलेले अहवाल वेगळे ठेवावे लागतात.

शेवटी पॅरलल रन. जुनी आणि नवी प्रणाली एकाच वेळी चालवून प्रत्येक अहवाल रुपयापर्यंत ताडून पाहायचा. यात निदान एक पूर्ण महिनाअखेर यावी, आणि मासिक विवरणे भरणाऱ्यांच्या बाबतीत जीएसटीच्या ११ आणि २० या तारखाही याव्यात. मार्च–एप्रिलमध्ये आणि कर लेखापरीक्षणाच्या सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये कटओव्हर (जुनी प्रणाली सोडून नवीवर जाणे) ठेवू नये. त्या दिवसांत फरक शोधायला कोणाकडेही फुरसत नसते.

कायदा आणि खर्च

कंपनी लेखे नियम, २०१४ नुसार इलेक्ट्रॉनिक हिशेब पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने तो रोजच्या रोज घेणे आवश्यक केले. पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल २०१८ चा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींचे लॉग १८० दिवस जपावे लागतात. सेवा घेतानाच मुंबई, पुणे, हैदराबाद असा भारतीय विभाग निवडला तर यातले बरेचसे सोपे होते.

स्वस्त पडेल म्हणून क्लाउडवर जाऊ नये. पाच वर्षांतून एकदा येणारा यंत्राचा खर्च जाऊन दरमहा बिल येते. डेटा आत नेणे बहुधा फुकट असते, बाहेर काढायला पैसे पडतात. बिगक्वेरीच्या वापरागणिक दरात वाचलेल्या डेटानुसार आकार लागतो, त्यामुळे दर पंधरा मिनिटांनी अख्खा तक्ता वाचणारा एक डॅशबोर्ड महिन्याचे अंदाजपत्रक खाऊ शकतो. खर्चाची मर्यादा आणि इशारा पहिल्याच दिवशी लावून ठेवावा.

जुना सर्व्हर

कंपनी कायद्याप्रमाणे लगतच्या ८ आर्थिक वर्षांची पुस्तके जपावी लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. नव्या प्रणालीत सहसा अलीकडच्या दोन-तीन वर्षांचाच डेटा नेला जातो. त्यामुळे स्थलांतराच्या वर्षाचे वैधानिक लेखापरीक्षण होईपर्यंत जुनी प्रणाली केवळ वाचण्यापुरती चालू ठेवतात. बंद करण्यापूर्वी डेटाबेसचा पूर्ण बॅकअप, अहवालांच्या मूळ फाइल, वर्षअखेरच्या अहवालांच्या पीडीएफ प्रती आणि एसएसआरएस असल्यास तिच्या एन्क्रिप्शन कीची प्रत काढून घ्यावी. ती की हरवली तर साठवलेले पासवर्ड परत उघडता येत नाहीत. तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून, मागच्या एखाद्या मार्चचा ताळेबंद काढून पाहिल्यानंतरच जुन्या डिस्क पुसून ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्याव्यात.