फर्ल्ड लीडर : पीळ आणि पेड यांची पार्श्वभूमी

फ्लाय फिशिंगमध्ये फेकले जाते ते दोरीचे वजन. पिसांची आणि धाग्यांची फ्लाय, म्हणजे किड्यासारखे दिसणारे आमिष, इतकी हलकी असते की ती स्वतःहून चार हातही जाणार नाही. जाड फ्लाय लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा निमुळता दुवा म्हणजे लीडर. फेकीचा जोर त्यातून टप्प्याटप्प्याने उतरत गेला, तरच टोकाचा बारीक टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा तंतू, सरळ उलगडतो आणि फ्लाय पाण्यावर अलगद टेकते. फर्ल्ड, म्हणजे धागे पिळून वळलेल्या, लीडरमध्ये हा निमुळतेपणा पेड कमी करत साधलेला असतो. दुकानात तो नव्या मालाच्या रांगेत दिसतो, पण त्यामागची युक्ती निदान पाचशे वर्षांची आहे.

१४९६ मध्ये विंकिन द वर्ड याने वेस्टमिन्स्टरला छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील इंग्रजी प्रबंधात घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी वळण्याची कृती आहे, पीळ देण्याचे उपकरणही आहे. कोणत्या माशाला किती केस, याचा हिशेबही दिला आहे : ट्राउटला ९, मोठ्या ट्राउटला १२, सामनला १५. केसाची लांबी मर्यादित असल्याने छोटे पिळलेले तुकडे गाठींनी जोडावे लागत. १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने गळाशेजारी २ केस, त्यावर ३, मग ४, अशी एकेक केस वाढवत न्यायची दोरी सांगितली. तिथे निमुळती दोरी पूर्ण आकाराला आलेली दिसते. इटलीतील वालसेसिया खोऱ्यात अशा केसांच्या दोरीची परंपरा टिकून राहिली आणि जपानच्या तेनकारा या रिळाविना मासेमारीतही पिळाची निमुळती दोरी वापरात होती.

इतरत्र ही पद्धत मागे पडली, कारण एकेरी तंतू मिळू लागला. कोश विणण्याच्या बेतात आलेली रेशमाची अळी व्हिनेगरमध्ये बुडवायची, तिची रेशीमग्रंथी काढून ओढायची आणि वाळवायची. स्पेनमधील मुर्सिया हे या धंद्याचे मोठे केंद्र होते. ही तात केसापेक्षा मजबूत आणि पाण्यात कमी दिसणारी असे. तुकडा मात्र जेमतेम फूट-दीड फुटाचा, आणि वापरण्याआधी भिजवला नाही तर गाठीत तुटणारा. ती आणखी बारीक करण्यासाठी छिद्रांच्या पट्टीतून ओढत. टिपेटच्या जाडीचे ४एक्स, ५एक्स हे आकडे त्या ओढण्यावरून आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस नायलॉन आला आणि लांबीची अडचणही संपली. मग पीळ कशाला हवा, असे वाटणे साहजिक होते.

पण नायलॉनच्या लीडरचा लाइनकडचा जाड बुंधा ताठ असतो आणि रिळावर गुंडाळलेली वेटोळी लक्षात ठेवतो. मऊ धाग्यांचा पिळलेला लीडर वेटोळी धरत नाही, म्हणूनच ही जुनी रचना परत आली. फरक एवढाच की आता गाठी लागत नाहीत. खुंट्या ठोकलेल्या फळीवर बारीक पॉलिस्टर धाग्याचे फेरे घेतात. प्रत्येक टप्प्याचा फास पुढच्या फासात अडकतो आणि टप्प्यागणिक फेरे कमी होतात. असे दोन पाय, म्हणजे लीडरच्या दोन बाजू, तयार करून दोघांना एकाच दिशेने पीळ देतात, मग जोडून उलट दिशेने फिरू देतात. दुपेडी दोर वळताना जे होते तेच इथे होते : दोन्ही पीळ एकमेकांना धरून ठेवतात. पहिला पीळ कमी पडला तर लीडर पोकळ, लिबलिबीत होतो. जास्त झाला तर ढील मिळताच त्याला अढी पडते.

निवड करताना आधी पदार्थ पाहावा. साधा धागा किंवा रेशीम मऊ असते, पण पाणी पिते. ग्रीस लावून बोटांनी आत मुरवले नाही तर लीडर बुडतो आणि पुढच्या फेकीत तुषार उडवून माशाला बुजवतो. नायलॉनच्या तंतूंचा लीडर पाणी कमी धरतो, पण थोडा ताठ असतो. फ्लोरोकार्बनची घनता सुमारे १.७८ असल्याने तो बुडतो. पाण्याखाली जाणाऱ्या निंफ फ्लायसाठी ते सोयीचे, तरंगत्या ड्राय फ्लायसाठी चुकीचे. ३ ते ५ क्रमांकाच्या, म्हणजे हलक्या, लाइनवर ड्राय फ्लाय टाकायची असेल, तर धाग्याचाच घ्यावा. मोठ्या, वजनदार स्ट्रीमरसाठी, म्हणजे लहान माशासारख्या फ्लायसाठी, हा प्रकार घेऊच नये. फिरत जाणारी फ्लाय पिळात आणखी पीळ भरते.

५ ते ६ फुटांचा लीडर लाइनच्या फासात फास घालून जोडावा. बारीक टोकाला २ मिलिमीटरची टिपेट रिंग, म्हणजे टिपेट बांधायची धातूची बारीक कडी, असली की टिपेट बदलताना लीडरचे टोक झिजत नाही. टिपेट ३ ते ४ फूट असावा. आखूड ठेवला तर जाड लीडर फ्लायच्या फार जवळ येतो, आणि प्रवाहाने लीडर ओढला की फ्लायही पाण्यावर घासत जाते. टिपेटची ताकद लीडरच्या टोकापेक्षा कमीच हवी, म्हणजे तुटायची वेळ आली तर टिपेट तुटेल.

सर्वांत मोठे नुकसान फ्लाय झाडात किंवा दगडात अडकल्यावर होते. रॉड उचलून हिसका दिला की ताणलेला लीडर रबरासारखा परत येतो आणि स्वतःभोवती गुंतून डुकराच्या शेपटीसारखा आखडतो. रॉड थेट अडकलेल्या जागेकडे रोखावा आणि लाइन हाताने, सावकाश ओढावी. तरीही गुंता झालाच, तर लीडर लाइनपासून सोडवून कोमट पाण्यात भिजवावा, बोथट सुईने वेढे सैल करावेत आणि टोकाला हलके वजन लावून टांगावा. जास्तीचा पीळ आपोआप निघून जातो. वाळल्यावर पुन्हा ग्रीस लावावे.