पाचवा हिस्सा, निम्मी माणसं

२०२० च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत भारताची अर्थव्यवस्था आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी आकसली. कोरोनाच्या टाळेबंदीत बांधकामं थांबली, हॉटेलांना कुलपं लागली. वाढली ती फक्त शेती, तीन टक्क्यांच्या वर. 'शेतीने देश तारला' असं तेव्हा सगळेच म्हणत होते. पण तारलं म्हणजे नेमकं काय केलं?

शहरातून परतलेली माणसं शेतीने सामावून घेतली. देशात काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक २०१८-१९ मध्ये शेतीत होते. वर्षभरात ते प्रमाण ४५.६ टक्क्यांवर गेलं. रान मात्र तेवढंच राहिलं. तीन एकर सोयाबीनची खुरपणी दोन भाऊ करत होते, तिथे मुंबईहून आलेला तिसरा उतरला. काम वाटलं गेलं, भाकरीही वाटली गेली. पोती तेवढीच भरली.

अर्थशास्त्रात याला छुपी बेकारी म्हणतात. तिसरा भाऊ दिवसभर राबतो, पण तो निघून गेला तरी पीक घटत नाही. अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ मध्ये मांडलं की, अशी जादा माणसं कारखान्यांकडे वळली की गरीब देशाचा विकास होतो. त्यांना १९७९ साली नोबेल मिळालं. उत्पन्न वाढलं की माणूस त्यातला कमी वाटा अन्नावर खर्चतो, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने लुईस यांच्या मांडणीच्याही जवळपास शंभर वर्षं आधी दाखवलं होतं. पगार दुप्पट झाला म्हणून कुणी दुप्पट पोळ्या खात नाही! त्यामुळे शेतीचा वाटा घटणं हे एरवी प्रगतीचंच लक्षण.

आपल्याकडे अडलं ते इथे. स्वातंत्र्यानंतर देशाच्या उत्पन्नात निम्म्याच्या आसपास असलेला शेतीचा वाटा आता पाचव्या हिस्स्याहूनही कमी झाला, पण माणसं त्या वेगाने बाहेर पडली नाहीत. भाऊवाटणी चालूच राहिली. सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.०८ हेक्टर झाली.

म्हणून मला शेती ही देशाची बिनकागदी विमा पॉलिसी वाटते. संकटात भरपाई मिळते ती शहराला, हप्ता भरतं गावातलं घर.

महामारी ओसरली, तरी २०२३-२४ मध्ये शेतीतल्या माणसांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरच होतं. ग्रामीण भागात काम करणाऱ्या बायकांपैकी तर तीन चतुर्थांशांहून जास्त शेतीत आहेत. त्यातल्या कितीतरी जणी घरच्याच रानात बिनपगारी राबतात, आणि सातबाऱ्यावर बहुतेक वेळा नाव असतं नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं.